सारायेवो ते दुब्रोव्निक: रेल्वे झकास, बसचे काही खरे नाही

बोस्नियातले सारायेवो, मग मोस्तार, शेवटी क्रोएशियातले दुब्रोव्निक. बाल्कनमधली ही सगळ्यात मळलेली वाट. टूरवाले मोस्तार दोन तासांत उरकतात. तिथे एक मुक्काम ठेवा आणि प्रवास रेल्वे-बसने करा.

पहिली मेख सारायेवोतच आहे: बसस्थानके दोन. मोस्तार-दुब्रोव्निकच्या बस रेल्वे स्टेशनला लागून असलेल्या मुख्य स्थानकातून सुटतात. बेलग्रेडला जायचे तर बहुतेक बस पूर्व सारायेवोतून मिळतात, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. बोस्नियातले युद्ध थांबवणाऱ्या १९९५च्या डेटन कराराने देशाचे दोन भाग पाडले, त्यांच्यातली अंतर्गत सीमा या दोन स्थानकांमधून जाते. रस्त्यावर ना चौकी ना फाटक, पण वेळापत्रकात ती रेघ अजून शाबूत आहे. १०३ क्रमांकाची ट्रॉलीबस दोब्रिन्यापर्यंत सोडते, पुढे थोडे चालायचे.

त्या युद्धात सर्ब फौजांनी सारायेवोला वेढा घातला होता, तेव्हाचा बोगदा याच दोब्रिन्यातून निघायचा. १९९२च्या जूनअखेर विमानतळ संयुक्त राष्ट्रांच्या फौजेच्या ताब्यात गेला. (तेव्हा त्या फौजेचे सेनापती होते मराठा लाइट इन्फन्ट्रीचे सतीश नंबियार.) धावपट्टी नागरिकांना ओलांडता येईना, म्हणून १९९३मध्ये तिच्याखालून सुमारे ८०० मीटर बोगदा खणला गेला. संग्रहालय पलीकडे, बुतमीरच्या बाजूला आहे. ३ क्रमांकाच्या ट्रामने इलिजा गाठा, तिथून बस किंवा टॅक्सी. प्रत्यक्ष चालायला मिळतो तो जेमतेम २५ मीटरचा तुकडा. उंची १.६ मीटरच्या आसपास, तेव्हा डोके सांभाळा.

मोस्तारची रेल्वे म्हणजे या प्रवासाचा कळस. दोन तास, स्पॅनिश बनावटीचे टाल्गो डबे, ब्रादिनानंतर वळणे घेत कोन्यित्सपर्यंतचा उतार आणि मग नेरेत्वा नदीची दरी. दिवसाला दोनच फेऱ्या असतात, सकाळची धरा. ऑक्टोबर २०२४च्या पुरात याब्लानित्साजवळ रूळ उखडले होते आणि रस्ताही त्याच दरीतून जातो. त्यामुळे पावसाळी हवेत आदल्या दिवशी स्टेशनवर चौकशी केलेली बरी.

मोस्तारचा १५६६चा पूल ९ नोव्हेंबर १९९३ला तोफगोळ्यांनी पडला, २००४मध्ये पुन्हा उभा राहिला. क्रोएट आणि बोस्नियाक (बोस्नियन मुस्लिम) फौजांमधल्या लढाईची आघाडी पुलावर होती असे अनेक वाटाडे ठोकून देतात. ती होती पश्चिमेला, बुलेवार रस्त्यावर. गोळ्यांनी चाळण झालेल्या भिंती तिथे आजही दिसतात. पुलाचा दगड गुळगुळीत आहे, चपला घालून गेलात तर घसरलातच. दुपारी तर मुंगी शिरायला जागा नसते. पूल बघायचा तो सकाळी आठच्या आत.

शाकाहारींनी एक लक्षात ठेवावे: बोस्नियात 'बुरेक' (पातळ पापुद्र्यांचा भाजलेला रोल) म्हणजे खिमा भरलेलाच. चीजचा हवा तर सिर्नित्सा, पालकाचा झेल्यानित्सा, बटाट्याचा क्रोम्पिरुशा मागायचा. बहुतेक ठिकाणी तो वजनावर मिळतो.

आता बस. मोस्तारहून दुब्रोव्निकला रेल्वे नाही. अंतर दीडशे किलोमीटरच्या आतले, पण उन्हाळ्यात सीमेवर तासन्‌तास जातात. सामानाचे पैसे वेगळे, तेही सुट्ट्या नाण्यांत. नेउमवरून (बोस्नियाच्या चिंचोळ्या किनारपट्टीवरचे गाव) जाणारी बस क्रोएशियात शिरते, पुन्हा बोस्नियात येते आणि परत क्रोएशियात जाते. २०२२मध्ये खुल्या झालेल्या पेल्येशात्स पुलाने हा फेरा टळतो, मात्र प्रत्येक बस तिथून जात नाही. तिकीट काढतानाच विचारून घ्या. क्रोएशिया २०२३पासून शेंगेनमध्ये (युरोपातल्या देशांचे एकाच व्हिसाचे क्षेत्र) आहे, म्हणून एकाच प्रवेशाचा व्हिसा असलेल्या भारतीय प्रवाशाचा तो नेउमलाच खर्ची पडतो, आणि पुढच्या चौकीवर दार बंद. व्हिसा अनेक प्रवेशांचाच हवा.

बोस्नियाचे मार्क (१ युरोला सुमारे १.९६) सीमेपलीकडे कोणी सहसा बदलून देत नाही. उरलेले मोस्तारमध्येच सिर्नित्सावर खर्चून टाका, बसमध्ये भूक लागतेच.