लाउडन की फोर्ट बेंड? घर घेण्याआधी मागची मोकळी जमीन कुणाच्या हातात आहे ते बघा

व्हर्जिनियातलं अ‍ॅशबर्न की टेक्सासमधलं शुगर लँड किंवा केटी? कंपनीने दोन्हीकडे जागा देऊ केली की मराठी घरांत हा प्रश्न हमखास निघतो. मग चौकशी सुरू होते: शाळेचं रेटिंग, ऑफिसचं अंतर, चौरस फुटाचा भाव, देऊळ किती लांब, मंडळाचा गणपती कुठे बसतो. ही सगळी चौकशी रास्तच आहे. पण घराच्या मागे जी मोकळी जमीन दिसते, तिथे पुढच्या पाच वर्षांत काय उभं राहील आणि ते ठरताना तुम्हाला कुणी विचारेल का, याची चौकशी फार थोडे जण करतात. तीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेताना मला हा प्रश्न बाकी सगळ्यांच्या आधीचा वाटतो. अ‍ॅशबर्न लाउडन काउंटीत येतं, तर शुगर लँड आणि केटीचा काही भाग फोर्ट बेंडमध्ये; काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. म्हणून लाउडन आणि फोर्ट बेंड या दोन काउंट्यांची तुलना इथे मुख्यतः त्याच अंगाने केली आहे.

अधिकार कुणाकडे

आपल्याकडे शेतजमीन एन.ए. करायची तर कलेक्टर कचेरी गाठावी लागायची, शहराचा डीपी म्हणजे विकास आराखडा महापालिका करते आणि मतदान केंद्राचं काम निवडणूक आयोगाच्या यंत्रणेकडे असतं. अमेरिकेत यातलं बरंचसं काम काउंटीच्या निवडून आलेल्या मंडळापुढे येतं. लाउडनमध्ये त्या मंडळाला बोर्ड ऑफ सुपरवायझर्स म्हणतात. त्यात नऊ जण असतात: अध्यक्ष सगळ्या काउंटीतून आणि बाकीचे आठ आपापल्या विभागातून. सगळ्यांची निवडणूक एकदमच होते, दर चार वर्षांनी आणि विषम सालात. मागची २०२३ मध्ये झाली, पुढची २०२७ मध्ये आहे. फोर्ट बेंडमध्ये कमिशनर्स कोर्ट आहे. नाव कोर्टाचं असलं तरी तिथे खटले चालत नाहीत. काउंटी जज आणि चार कमिशनर मिळून काउंटीचा कारभार बघतात. त्यांच्या निवडणुका सम सालात, आलटून पालटून होतात.

खरा फरक अधिकारांत आहे. व्हर्जिनियात काउंटी झोनिंग करते, म्हणजे कुठल्या जमिनीवर घरं, कुठे दुकानं, कुठे गोदामं हे नकाशावर ठरवते. टेक्सासमध्ये तुरळक अपवाद सोडले तर काउंटीला झोनिंगचा अधिकारच नाही. तो राज्याने शहरांना दिला आहे, आणि शहरानेही तो वापरलाच पाहिजे असं नाही. शेजारच्या ह्यूस्टनने तर १९४८, १९६२ आणि १९९३ असं तीन वेळा मतदान घेऊन झोनिंगला नकार दिला.

लाउडन: विचारतात, पण नेहमीच नाही

लाउडनचा पश्चिम भाग अजून शेताकुरणांचा आहे आणि तो तसा राहावा हे काउंटीचं जाहीर धोरण आहे. पूर्वेला अ‍ॅशबर्न, स्टर्लिंग, ब्रॅम्बलटन ही दाट वस्ती. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेट्रोची सिल्व्हर लाइन अ‍ॅशबर्नपर्यंत आली आणि स्टेशनांभोवतीच्या जमिनीला वेगळाच भाव आला. २०१९ मध्ये काउंटीने नवा सर्वंकष आराखडा मंजूर केला आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्याला धरून नवी झोनिंग नियमावली आणली.

जमिनीचा वापर बदलायचा असेल तर मालकाला अर्ज करावा लागतो. रस्त्याकडेला सुनावणीची पाटी लागते आणि लगतच्या घरमालकांना पत्र जातं. आधी प्लॅनिंग कमिशनपुढे सुनावणी होते, मग बोर्डापुढे. तिथे कुणीही नाव नोंदवून दोन-तीन मिनिटं बोलू शकतो. वाहतूक किती वाढेल, झाडांचा पट्टा किती रुंद ठेवणार, ट्रक कुठल्या रस्त्याने जाणार असे मुद्दे घेऊन लोक येतात. त्यातून पुष्कळदा बिल्डर लेखी हमी देतो, तिला तिथे प्रॉफर म्हणतात. ही हमी जमिनीला चिकटते. उद्या जमीन दुसऱ्याने घेतली तरी ती त्याला पाळावी लागते. मला हे फार मोलाचं वाटतं. प्रकल्प थांबला नाही तरी पंचवीस फुटांचा पट्टा पन्नास फुटांचा होऊ शकतो, आणि मागच्या अंगणात चहा घेत बसणाऱ्याला तेवढ्यानेही खूप फरक पडतो.

पण झोनिंग आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. अ‍ॅशबर्नचा परिसर डेटा सेंटर अ‍ॅली म्हणून जगभर ओळखला जातो. तिथे वर्षानुवर्षं ठरावीक झोनमध्ये डेटा सेंटर बांधायला स्वतंत्र मंजुरी लागतच नव्हती. झोन बसला की झालं; कागदपत्रं तपासून परवानगी मिळायची, सुनावणी नाही की बोर्डाचं मतदान नाही. लोकांच्या घरांमागे उंच भिंती, कूलिंगचे पंखे आणि विजेची उपकेंद्रं उभी राहिली तेव्हा अनेकांना कळलं की विचारण्याचा टप्पा कधीच येणार नव्हता. मार्च २०२५ मध्ये बोर्डाने ही मुभा काढून घेतली आणि नव्या डेटा सेंटरला खास मंजुरी सक्तीची केली. लोक वर्षानुवर्षं सुनावण्यांना येत राहिले, त्याचं हे फळ आहे असं मी मानतो. मात्र आधी मंजूर झालेले प्रकल्प उभे राहणारच. म्हणून घर बघताना तिथला झोन कोणता एवढं विचारून भागत नाही. त्या झोनमध्ये मंजुरीशिवाय काय काय बांधता येतं, हे विचारा. नियमावलीत याची यादी असते, आणि काउंटीच्या नियोजन विभागाला फोन केला तर ती समजावून सांगतात.

फोर्ट बेंड: कागद वाचणाऱ्याचं रक्षण

फोर्ट बेंडमध्ये पहिला प्रश्न एकच विचारायचा: घर शहराच्या हद्दीत आहे की हद्दीबाहेर? शुगर लँड शहरात झोनिंग आहे. जमिनीचा झोन बदलायचा असेल तर २०० फुटांच्या आतल्या मालकांना लेखी नोटीस मिळते, सुनावणी होते. तिथे तुमचा अनुभव लाउडनच्या जवळ जाणारा असेल. पण केटीचा पत्ता असलेली पुष्कळ घरं, उदाहरणार्थ सिंको रँचमधली, कुठल्याच शहरात नाहीत. पत्त्यातलं केटी फक्त पोस्टाचं.

हद्दीबाहेर काउंटी बघते ते रस्ते, पाण्याचा निचरा, पूररेषा, सेप्टिक टँक आणि जमिनीचे तुकडे पाडण्याचा नकाशा, म्हणजे प्लॅट. प्लॅट नियमांत बसत असेल तर तो मंजूर करणं काउंटीवर बंधनकारक असतं. २०१९ च्या कायद्याने त्याला ३० दिवसांची मुदतही घातली आहे. तुम्ही कमिशनर्स कोर्टात जाऊन बोलू शकता, तो हक्क तुम्हाला आहेच. पण नियमांत बसणारा प्लॅट तुम्हाला आवडला नाही म्हणून कमिशनर तो नाकारू शकत नाहीत. तक्रार कितीही खरी असली तरी ज्याच्यापुढे मांडायची त्याच्याकडे अधिकारच नाही, ही परिस्थिती मला लाउडनच्या लांबलचक सुनावण्यांपेक्षा जास्त बोचते.

मग लोक म्हणतात, आमच्याकडे डीड रिस्ट्रिक्शन्स (खरेदीखतातल्या अटी) आहेत, एचओए (घरमालकांची संघटना) आहे. आहेत, आणि त्या तुमच्या सबडिव्हिजनच्या आत कडक आहेत. कुंपणापलीकडच्या जमिनीला त्या लागू होत नाहीत. आत कुंपणाचा रंग ठरलेला असतो, पलीकडे काँक्रीटचा प्लँट येऊ शकतो.

एका प्लॅटची गोष्ट सांगतो, कारण यात सगळं आलं. बार्कर जलाशय १९४० च्या दशकात ह्यूस्टनला पुरापासून वाचवायला बांधला गेला. एरवी तो कोरडा असतो. धरण भरलं तर पाणी जिथवर पसरेल ती सगळी जमीन सरकारने विकत घेतली नव्हती. उरलेल्या जमिनीवर पुढे वसाहती झाल्या. झोनिंग नसल्याने फोर्ट बेंड काउंटी त्या थांबवू शकत नव्हती. तिने हातात होतं ते केलं: १९९० च्या दशकात त्या भागातल्या प्लॅटवर सूचना छापायला लावली की ही जमीन जलाशयालगत आहे आणि लष्कराच्या अभियंता दलाच्या नियंत्रणाखाली इथे दीर्घकाळ पाणी साचू शकतं. प्लॅटच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरातली ही ओळ घर घेताना कुणी बघत नाही. प्लॅट काउंटी क्लार्ककडे नोंदलेला असतो आणि खरेदीदाराच्या हाती येतो तो कागदांचा वेगळाच गठ्ठा. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळ आलं, जलाशय भरला आणि पाणी घरांत शिरून कित्येक दिवस राहिलं. डिसेंबर २०१९ मध्ये फेडरल न्यायालयाने या घरांबाबत सरकारला जबाबदार धरलं. त्याच वर्षीच्या राज्य कायद्याने विक्रेत्याला घर जलाशयाच्या पाणपसाऱ्यात येतं का हे लिहून देणं सक्तीचं केलं. आता तो रकाना असतो. तो वाचा, आणि प्लॅटही स्वतः काढून वाचा.

आणखी एक यंत्रणा म्हणजे मड, हद्दीबाहेरच्या वसाहतींना पाणी आणि सांडपाण्याची सोय करणारा जिल्हा. तो रोखे काढून पायाभूत कामं करतो आणि त्याची फेड तुमच्या मालमत्ता करातून होते. विक्रेत्याने त्याची नोटीस देणं बंधनकारक आहे. मडचं स्वतःचं निवडून आलेलं मंडळ असतं, पण त्याच्या बैठकीला रहिवासी क्वचितच फिरकतात. तुमच्या करातला मोठा वाटा तिथे ठरतो, तेव्हा फिरका.

मतदान केंद्र

जमिनीचा आणि मतदानाचा संबंध लांबचा वाटतो, पण नवी घरं आली की मतदार वाढतात आणि विभाग फोडावे लागतात. दोन्ही राज्यांत मतदान विभागाला साधारण ५,००० नोंदणीकृत मतदारांची मर्यादा आहे. म्हणून झपाट्याने वाढणाऱ्या वस्तीत तुमचं केंद्र बदलणं अगदी नेहमीचं आहे.

लाउडनमध्ये मतदानाच्या दिवशी तुम्हाला तुमच्याच विभागाच्या केंद्रावर जावं लागतं. बहुधा ती जवळची शाळा असते; कायद्याने केंद्र विभागात किंवा त्याच्या सीमेपासून एक मैलाच्या आत हवं. ते हलवायचं तर बोर्डाला नोटीस देऊन ठराव करावा लागतो. २०२१ च्या राज्य कायद्याने आणखी एक कुलूप लावलं: केंद्र हलवण्याआधी लोकांची मतं मागवायची किंवा अ‍ॅटर्नी जनरलची मान्यता घ्यायची. शिवाय मतदान ४५ दिवस आधी सुरू होतं, पण त्यासाठीची केंद्रं मोजकीच असतात.

फोर्ट बेंडमध्ये काउंटीतल्या कुठल्याही केंद्रावर मत देता येतं. सकाळी ह्यूस्टनला निघणाऱ्या माणसाला वाटेतलं केंद्र चालतं, आणि इथे फोर्ट बेंड उघडच सरस आहे. उलट बाजू अशी की घराजवळचं केंद्र बंद झालं तरी तुमचं केंद्र गेलं असं कागदोपत्री होत नाही, त्यामुळे विरोधही कमी होतो. प्राथमिक निवडणूक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी, टेक्सासमध्ये पक्ष चालवतात आणि ते वेगळी पद्धत ठरवू शकतात, म्हणून मार्चमध्ये निघण्याआधी केंद्र तपासा. फोटो ओळखपत्र टेक्सासमध्ये साधारणपणे लागतं, आणि नोंदणी ३० दिवस आधी व्हायला हवी. व्हर्जिनिया दोन्ही बाबतींत सैल आहे.

मत नसेल तर

एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असाल तर मत नाही, पण सुनावणीत बोलायला नागरिकत्व लागत नाही. घर तुमचं, कर तुम्ही भरता, जाऊन बोला. इथे लाउडनचं पारडं फार जड होतं, कारण तिथे बोलण्याने काही बदलू शकतं. एक सावधगिरी मात्र दोन्हीकडे: लायसन्स काढताना मतदार नोंदणीचा रकाना नजरचुकीनेही भरू नका. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ते महागात पडतं.

पैसा आणि निवड

टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही; व्हर्जिनियात तो ५.७५ टक्क्यांपर्यंत जातो आणि गाडीवरही दरवर्षी कर असतो. उलट लाउडनचा मालमत्ता कर घराच्या किमतीच्या एक टक्क्याहून कमी आहे, त्यात डेटा सेंटरच्या कराचा मोठा हात आहे. फोर्ट बेंडमध्ये मड धरून तो सहज दोन टक्क्यांवर जातो. घर मात्र तिथे तेवढ्याच पैशांत बरंच मोठं येतं.

दहा-पंधरा वर्षं राहायचं असेल, मुलं लहान असतील आणि घरामागे मोकळी जमीन असेल, तर मी लाउडन घेईन. फोर्ट बेंड घ्यायचं तर शुगर लँडच्या हद्दीत, किंवा हद्दीबाहेर अशा वसाहतीत जिच्या चारही बाजू आधीच भरलेल्या आहेत. चार-पाच वर्षांत विकून पुढे जायचं असेल आणि पगारातून जास्त शिल्लक हवी असेल, तर फोर्ट बेंडचं गणित बरं बसतं. हद्दीबाहेर मागे उघडं रान असलेलं घर मी सुचवणार नाही, किंमत कितीही चांगली असो.

ऑफर लिहिण्याआधी लाउडनमध्ये मागच्या जमिनीचा झोन, तिथे मंजुरीशिवाय काय बांधता येतं आणि तिच्यावर कुठला अर्ज प्रलंबित आहे हे काढा. फोर्ट बेंडमध्ये काउंटी क्लार्ककडून प्लॅट, विक्रेत्याकडून पुराचा खुलासा आणि मडची नोटीस घ्या. टेक्सासच्या करारात ऑप्शन पिरियड, म्हणजे करारातून माघार घेण्याची मुदत, थोड्याच दिवसांचा असतो, तेव्हा हे तीन कागद त्याच्या पहिल्याच दिवशी मागा.