शतावरी कल्प, सात महिन्यांनी

गेल्या आठवड्यात माझी उपाशीपोटीची साखर 114 आली. मागच्या वर्षी 96 होती. खाण्यापिण्यात बदल एकच, सकाळ-संध्याकाळ दुधातून शतावरी कल्प. मग भिंग घेऊन डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. 10 ग्रॅममध्ये शतावरी दीड ग्रॅम, बाकी साखर! माझे दोन वेळचे मिळून 20 ग्रॅम होतात. म्हणजे सात महिन्यांत तीन किलोंच्या वर साखर मी औषधाच्या भावाने आणली. कंपनीत फोन केला, तर "मॅडम, नॅचरल आहे" एवढंच चार वेळा ऐकवलं. त्यात सॅपोनिन, म्हणजे शतावरीतला ज्याला गुणकारी मानतात तो घटक, किती, ते कुणालाच सांगता येईना. पैसे घेताना एवढं तरी माहीत असावं.

घेतला होता तो पाळी गेल्यावरच्या वाफांसाठी. फेब्रुवारीत दिवसातून नऊ-नऊ वेळा अंग पेटायचं. रात्री तीनला अभ्रा चिंब, आणि मी दांडिया बाजारातल्या आमच्या गॅलरीत गार फरशीवर अनवाणी उभी. प्रत्येक वाफेला कॅलेंडरवर लाल ठिपका द्यायचे. एप्रिलअखेर ठिपके चारवर आले. इतका आनंद झाला की जाऊबाईंनाही दोन डबे घ्यायला लावले.

जुलैच्या दमट हवेत कल्पाचा दगड झाला. बत्त्याने फोडताना डबाच तडकला, नवा येईपर्यंत बारा दिवस खंड पडला. ठिपके चारच राहिले. औषधाचा असर उतरायला बारा दिवस कमी पडले असतील, पण माझा विश्वास तिथेच डळमळला.

मग लेकीने शोधून वाचून दाखवलं. वाफांवर हार्मोनच्या गोळ्या देऊन पाहिलेल्या चाचण्यांचा 2004 चा कॉक्रेन आढावा आहे; कॉक्रेन म्हणजे असे अनेक अभ्यास एकत्र तपासणारी संस्था. त्यात औषध नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी घेणाऱ्या बायकांच्या वाफाही सुमारे 58 टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. नऊच्या चार म्हणजे माझ्या 56 टक्के. मी हिशेब दोनदा करून पाहिला. परदेशात याच त्रासासाठी ब्लॅक कोहॉश नावाची मुळी घेतात. 2006 मध्ये अमेरिकेत 351 बायकांवर वर्षभराची चाचणी प्रसिद्ध झाली. मुळी त्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही, हार्मोन ठरलं. शतावरीवरचे अभ्यास लहान, थोड्या आठवड्यांचे, आणि कित्येकांत सोबत दुसऱ्या वनस्पतीही.

माझ्या बाळंतपणात आईने शतावरी दिली ती दूध यावं म्हणून. जुन्या वैद्यकात तिची ओळख तीच. वाफांचा दावा डब्यावर ठळक आहे, साखर मात्र भिंगाशिवाय दिसत नाही, याचा मला फार राग येतो.

कल्प बंद केला. जाऊबाईंचा न उघडलेला डबा परत करायला लावला, त्यांना तर मधुमेहच आहे. हार्मोनची गोळी मला चालेल का, हे विचारायला सोमवारी डॉक्टरांकडे जातेय. कॅलेंडर पिशवीत घातलंय.