फाट्यावरचं गॅरेज: इंजिनासाठी जा, रंगासाठी नको

यवतमाळहून घाटंजीकडे जाताना आमचा फाटा लागतो. तिथं आलुबोंड्याच्या टपरीला लागून टिनाचं एक शेड आहे, बाहेर जुने टायर टांगलेले. पाटी नाही, बिलबुक नाही. सगळे नुसतं ‘मिस्त्रीकडे’ म्हणतात. मीही तेवढंच म्हणेन, कारण ‘आपलं नाव कुठी टाकू नका’ असं त्यांनी मला बजावून ठेवलं आहे. माझी सेकंडहँड स्प्लेंडर आज बिनातक्रार धावते ती त्यांच्यामुळे, आणि तिच्या टाकीवर रंगाला फोड आलेले दिसतात तेही त्यांच्यामुळेच. दोन्ही लिहिते.

माझी नोकरी डाकघरातली. टपालाची थैली, आरडीचे हप्ते, आजूबाजूची खेडी आणि मधे पांदण रस्ते. ‘स्कुटी घे’ असं घरचे सगळे म्हणत होते. पण पाऊस पडला की आमची काळी माती लहान चाकाच्या गाडीला हलू देत नाही. स्प्लेंडरची चाकं १८ इंची. म्हणून २०१४ ची स्प्लेंडर प्लस घेतली, एमएच-२९ पासिंग, एका कास्तकाराकडून २६ हजारांत. गिअरची गाडी मी हिच्यावरच शिकले. इंजिन ९७.२ सीसीचं आणि कार्बोरेटरवालं, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा साधा भाग असलेलं. एप्रिल २०२० पासून धुराचा बीएस-६ हा कडक नियम आला आणि नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन बसलं. शिकाऊ माणसानं खेड्यात जुनी गाडी घ्यायची तर त्याच्या आधीची घ्यावी, असं माझं मत आहे. ती दोन पाने आणि एक पेचकस घेऊन फाट्यावरही खुलते.

आधीच्या मालकानं या गाडीवर फवारणीचे पंप, सरकीची पोती, कुटार, सगळं वाहिलं होतं. दोन पावसाळे ती गोठ्यात उभी होती. उंदरांनी हॉर्नची वायर कुरतडलेली, लाल रंग उन्हानं गुलाबी पडलेला. हे सगळं दिसत होतं, म्हणूनच किंमत उतरली. न दिसणारं पुढे निघालं.

पहिला त्रास असा की गाडी स्लो पकडत नव्हती, म्हणजे रेस सोडली की बंद पडायची. चोक लावला की चालू व्हायची, चोक काढला की बंद. चौकात थांबले की रेस देत उभं राहायचं, आणि नवशिक्या माणसाचा एक हात रेसवर अडकला की ब्रेक, क्लच, गिअर सगळ्यातच गोंधळ होतो. शहरातल्या एका दुकानात गाडी नेली. त्यांनी न खोलताच सांगितलं, कार्बोरेटर नवा टाका.

मिस्त्रींनी गाडीला हात लावायच्या आधी एकच प्रश्न विचारला, “रस्त्यानं पळताना झटके देते का?”

नाही म्हटलं, पळताना चांगली चालते.

“मंग मेन जेट मोकळा हाय. बारीक जेट बुजला. नवा कार्बोरेटर कायले टाकता?”

जेट म्हणजे कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा छेद, मेन जेट पळताना लागतो, बारीक स्लोला. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला एक पेच असतो. तो सैल करून त्यांनी वाटीतलं पेट्रोल काचेच्या ग्लासात उतरवलं आणि ग्लास उन्हात धरला. वर पेट्रोल, खाली पाण्याचा थर, आणि तळाशी मिसरीसारखा लाल गाळ. टाकीच्या आत जंग चढला होता. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर उभी राहिली की आतल्या हवेची ओल पत्र्याला धरते. शिवाय आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओल शोषून घेतं आणि पाणी प्रमाणाबाहेर झालं की त्याच्यासकट तळाशी बसतं. रोज चालणाऱ्या गाडीला याचा फारसा त्रास नाही, उभ्या गाडीला आहे. त्यामुळे जुनी गाडी घेताना टाकीचं झाकण उघडून मोबाइलच्या टॉर्चनं आत पाहा. विकणारा सायलेन्सर चमकवून ठेवतो, टाकीत कोणी डोकावत नाही.

मग टाकी काढली. आत थोडं पेट्रोल आणि मूठभर जुने नट टाकून ती हलवत बसण्याचं काम त्यांच्या हाताखालच्या पोराकडे गेलं. पेट्रोल कॉकची, म्हणजे टाकीखालच्या तोटीची, जाळी फाटलेली निघाली, म्हणजे गाळ सरळ कार्बोरेटरमध्ये उतरत होता. कॉक नवा टाकला, नळीत छोटा फिल्टर बसवला. बारीक जेट साफ करायला त्यांनी विजेच्या वायरमधली तांब्याची एक तार घेतली. क्लच वायरची पोलादी तार पोरगा देत होता, ती परत केली. जेट पितळेचा असतो, पोलादानं छेद मोठा होतो आणि मग एव्हरेज बसतं. प्लग काढला तर तो कोरडा काळा होता. म्हणजे तेल जळत नव्हतं, हवा कमी पडत होती. एअर फिल्टर उघडला तर धुळीत कापसाच्या तुसाचा थर. तो बदलला, इंजिन तापू दिलं, आणि मगच स्लोचा पेच फिरवला. थंड गाडीवर स्लो लावली तर गरम झाल्यावर रेस चढते, हे मला तिथंच कळलं. खर्च साडेचारशे रुपये. नव्या कार्बोरेटरच्या आकड्यात हा खर्च पाच वेळा बसला असता.

हे एवढं सविस्तर लिहिलं कारण या गॅरेजची खासियत हीच आहे. पार्ट बदलणारे पुष्कळ आहेत. हा माणूस आधी विचारतो, ऐकतो, पाहतो. आणि सोबत माझा भाऊ उभा असला तरी गाडीबद्दल मला विचारतो, कारण चालवते मी. हे आमच्याकडे सगळीकडे होत नाही.

गाडी डावीकडे ओढायची. ज्यानं त्यानं सांगितलं की टी (हँडलखालचा, पुढचे शॉकअप धरणारा भाग) वाकला आहे, अ‍ॅक्सिडेंटची गाडी दिसते. ऐकून माझी झोप उडाली होती. मिस्त्रींनी गाडी स्टँडवर लावून मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर बोट ठेवलं. चेन ताणायला चाक मागे सरकवतात तेव्हा दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या यायला पाहिजेत, माझ्या गाडीच्या एक घर खालीवर होत्या. चाकच तिरपं बसलं होतं. खुणा जुळवल्या, चेन मधोमध दोन-अडीच सेंटीमीटर हलेल इतकी ढिली ठेवली. ओढणं बंद. पैसे घेतले नाहीत. चेनसेट मात्र पुढे बदलावाच लागला, मागच्या चक्रीचे दात एका बाजूला वाकले होते. नुसती चेन बदलू नका, नवी चेन जुन्या चक्रीवर लवकर खराब होते.

ब्रेक दोन्ही ड्रमचे. मागच्या ड्रमवर बाहेरून एक छोटा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो खुणेला टेकला की लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारी ब्रेकची पट्टी, संपला. गाडी बघायला जाल तेव्हा मागच्या चाकाशी बसून एकदा पाहा, विकणाऱ्यालाही बहुधा माहीत नसतं. माझा बाण खुणेच्या पलीकडे गेला होता. पुढचा ब्रेक वायर सुकल्यामुळे अडकायचा. दोन्ही लायनर नवे टाकले, ड्रमवर पॉलिश पेपर फिरवला. आतली धूळ तोंडानं फुंकायची सवय सगळ्यांना असते, इथं ती ओल्या फडक्यानं पुसतात. जुन्या लायनरच्या भुकटीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ते छातीत जायला नको.

क्लचचं काम किरकोळ निघालं. उभ्या गाडीत न्यूट्रल लागत नव्हतं, कारण वायर इतकी ढिली होती की लिव्हर पूर्ण दाबूनही क्लच अर्धवटच सुटायचा. लिव्हरच्या टोकाला एक-दीड सेंटीमीटर मोकळी ठेवली आणि न्यूट्रल सापडायला लागलं. शिकणाऱ्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. आधी वायर पाहा.

आवाजाची गोष्ट वेगळीच. चाळीसच्या आसपास खडखड यायची, मला वाटायचं इंजिन गेलं. मिस्त्री मागे बसले, मला गाडी पळवायला लावली आणि चालत्या गाडीवर एकेक भाग हातानं दाबत गेले. साडी गार्ड धरला की आवाज थांबायचा. एका नटाचं वायसर नव्हतं. ड्रेस घालणाऱ्या बाईला साडी गार्डनं इतकं घाबरवावं!

आणि एक तक्रार त्यांनी दुरुस्तच केली नाही. चौकात थांबलं की हेडलाइट मंद होतो. त्यांचं म्हणणं, जुन्या स्प्लेंडरला तसाच असतो, लाइट बॅटरीवर नाही, थेट इंजिनाच्या कॉइलवर चालतो, रेस कमी तर उजेड कमी. बॅटरी बदलून काही होणार नव्हतं. दुसऱ्यानं बॅटरी विकली असती.

आता रंगाचं. टाकीवर पोचा होता, आणि गाडी इतकी सुधारली तर दिसायलाही बरी असावी म्हणून तेही काम त्यांनाच दिलं. बाराशे रुपये घेतले. जुना रंग नीट न खरवडता वरून पुट्टी थापली, आणि शेडच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, कापसाच्या गाड्या जात असताना स्प्रे मारला. तुसाचे कण रंगात जसेच्या तसे वाळले. वर हार्डनरवाला क्लिअर कोट, म्हणजे रंग जपणारा कडक पारदर्शक थर, मारला नाही, त्यामुळे पेट्रोल भरताना थेंब सांडले तिथं झाकणाभोवती रंग उचलला गेला. एप्रिलच्या उन्हात पुट्टीला भेगा पडल्या. दाखवायला नेलं तर म्हणतात, “ताई, टाकीच्या आतून पाहा ना, जंग हाय का?” जंग नाही, हे खरं आहे. पण बाराशे रुपये मी बाहेरच्या बाजूचे दिले होते. पैसे परत मिळाले नाहीत, पुढच्या ऑइल चेंजची मजुरी सोडली, तेवढंच.

बाकीचं मग मी घरीच केलं आणि ते जास्त चांगलं झालं. साइड पॅनलचा गुलाबी पडलेला रंग रबिंग कंपाउंडनं घासला, वरून मेणाचं पॉलिश. मेलेला थर निघाला की खालून लाल रंग येतो, पण हे रंगवलेल्या भागालाच चालतं. काळं प्लास्टिक पांढुरकं पडलं असेल तर त्याला रबिंग लावू नका, आणखी विद्रूप दिसतं. जुने स्टिकर काढायला लोक हेअर ड्रायर सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात गाडी दुपारी दोनला अंगणात लावा, स्टिकर नखानं निघतात. रिमवरचा वरवरचा जंग अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला की जातो. क्रोम अ‍ॅल्युमिनियमपेक्षा कडक, त्याला ओरखडा येत नाही. खोल खड्डे राहतातच, त्यांच्यावर मेणाचा हात फिरवायचा. सायलेन्सरला उष्णता सोसणारा रंग मागून घ्या, साधा काळा ऑइलपेंट पहिल्याच फेरीत जळून वास मारतो.

पावसाळ्यासाठी त्यांनी पुढचं मडगार्ड वायसर टाकून थोडं उचलून दिलं. काळी माती टायर आणि मडगार्डच्या मधे भरली की चाक फिरतच नाही, काडीनं कोरत बसावं लागतं. आता कमी भरते. भरतच नाही असं नाही.

कागदांत मिस्त्री पडत नाहीत, पण गाडी घेण्याआधी चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून देतात. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, गाडीवर कर्ज असेल तर ते फेडल्याचा फॉर्म ३५. नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे माझी २०२९ पर्यंत, हे किंमत ठरवताना धरा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरपाटी, बसवलेली आहे का तेही पाहा. दुचाकीला ४५० रुपये आणि वर जीएसटी, त्यावरून घासाघीस करता येते.

मला विचाराल तर इंजिन, ब्रेक, चेन, वायरिंगला पाचापैकी पाच. रंगाला एक, तोही ओळखीचा म्हणून. वेळेला अडीच. ‘उद्या घेऊन जा’ म्हणाले की परवा जा. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत कापूस वाहणाऱ्यांच्या गाड्यांचीच रांग असते, तेव्हा छोटं काम घेऊन जाऊच नका. पुढच्या शॉकअपचं डावं सील तेल सोडतं, ते माझंही राहिलं आहे. नळीवर जंगाचे खड्डे आहेत, नवं सील टाकलं तरी ते पुन्हा कापणार, म्हणून नळी यवतमाळहून आणल्याशिवाय हात लावायचा नाही असं त्यांनी सांगितलं आहे.

पोळा आणि पोळ्याची कर, दोन्ही दिवस शेड बंद. इंजिन ऑइलचा ९०० मिलीचा डबा आपला आपण न्यावा, त्यांच्याकडे सुटं तेल असतं आणि ते मी घेत नाही. पैसे यूपीआयनं चालतात, पण खातं त्यांच्या पोराच्या मोबाइलवर आहे. तो कॉलेजला गेला असेल तर नोटाच द्याव्या लागतात, आणि सुटे त्यांच्याकडे कधीच नसतात.