काल्पनिक साम्राज्याचं पायदळ बांधताय? मग मॉरिसचं 'स्ट्रॅटेजिकॉन' हाताशी हवंच

बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन) धर्तीचं काल्पनिक साम्राज्य उभं करणारे लोक, म्हणजे कोणी कादंबरी लिहितंय, कोणी टेबलटॉप कॅम्पेन चालवतंय, कोणी गेमचा मॉड बनवतंय, सगळे घोडदळावर जीव ओततात आणि पायदळापाशी आले की "पाच हजार भालाईत, दोन हजार धनुर्धारी" असं एका ओळीत उरकून टाकतात. नाहीतर मग दुसरं टोक, ग्रीक पदव्यांची लांबलचक उतरंड, दहावर एक, शंभरावर एक, हजारावर एक, आणि ती सगळी वाचून संपली तरी लढाईत ही माणसं नक्की कुठे उभी राहतात, कोणाच्या मागे कोण, फावडं कोणाकडे असतं, जखमी झाला तर उचलायला कोण येतं, यातलं काहीच कळत नाही. माझं ठाम मत आहे की पायदळाची तुकडी खालून वर बांधायची असते, आणि ते शिकवणारं मी वाचलेलं सगळ्यात भारी पुस्तक म्हणजे 'स्ट्रॅटेजिकॉन'. म्हणून हा रिव्ह्यू जरा मोठा होणार आहे.

आधी पुस्तकाबद्दल थोडक्यात. सम्राट मॉरिस (राज्यकाळ ५८२ ते ६०२) याच्या नावावर असलेली ही लष्करी हँडबुक आहे, मूळ ग्रीकमध्ये, आणि मी बोलतोय ते जॉर्ज डेनिस यांच्या इंग्रजी भाषांतराबद्दल, जे १९८४ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया प्रेसने काढलं. एकूण १२ भाग. इंग्रजी सरळ आहे, वाक्यं छोटी, सूचना दिल्यासारखी, त्यामुळे इतिहासाची डिग्री नसली तरी काही अडत नाही. आणि व्यूहांच्या आकृत्या आहेत, कोणतं चिन्ह म्हणजे कोण सैनिक ते दिलंय, त्या आकृत्या समोर ठेवून आपली तुकडी कागदावर उतरवता येते, माझ्यासाठी तरी पैसे तिथेच वसूल झाले.

आता एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे नंतर हिरमोड नको. पुस्तकाचा मोठा हिस्सा घोडदळाचा आहे. पायदळ खऱ्या अर्थाने येतं ते थेट बाराव्या भागात, शेवटी. तेव्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतलं तर कंटाळून अर्ध्यात सोडायची शक्यता भरपूर, सरळ बारावा भाग उघडा, तो नीट पचवा आणि मगच मागे या.

बाराव्या भागात सगळ्याचा पाया आहे १६ माणसांची उभी रांग. एकामागे एक १६ जण, सगळ्यात पुढे रांगेचा नायक, तो लोखागोस. वरवर पाहता साधंच वाटतं, पण खोली १६ पेक्षा जास्त करायची नाही आणि ४ पेक्षा कमी करायची नाही असा नियम दिलाय, आणि त्या दोन टोकांच्या मधे रांग अर्धी करत जायची, १६ ची ८, ८ ची ४. खोली अर्धी झाली की आघाडी दुप्पट रुंद होते. म्हणजे सेनापतीला शत्रूची रांग लांब दिसली तर नवीन माणसं न आणता तो आपली आघाडी ताणू शकतो, आणि हे जमतं कारण प्रत्येकाला आपण कोणाच्या मागून निघून कोणाच्या बाजूला जायचं ते आधीच माहीत असतं.

यातच मला सगळ्यात आवडलेला बारकावा आहे. धनुर्धाऱ्यांना उभं करायच्या ज्या पद्धती सांगितल्यात त्यातली एक अशी की प्रत्येक १६ च्या रांगेमागे ४ धनुर्धारी ठेवायचे. चारच का? कारण रांग पसरून ४ खोलीवर आली की एका रांगेच्या चार रांगा होतात, आणि प्रत्येकीच्या मागे बरोबर एक धनुर्धारी उरतो! हे वाचल्यावर मी पुस्तक बाजूला ठेवून कागदावर ठिपके काढत बसलो होतो. काल्पनिक सैन्यात "२० टक्के धनुर्धारी" असा आकडा कोणीही टाकेल, पण १६ ला ४ हे प्रमाण असलं तर ते रणांगणावर हलतं तेव्हाही टिकतं, आणि कथेत तुमचा एखादा अधिकारी ऐन वेळी "पसरा" म्हणतो तेव्हा पुढे काय होईल ते तुम्हाला लेखक म्हणून ठाऊक असतं.

शस्त्रांचंही तसंच. सगळ्यांना चिलखत असेल तर उत्तमच, पण नसेल तर निदान रांगेतल्या पहिल्या दोघांना तरी साखळ्यांचं चिलखत हवं, आणि पायाच्या नडगीवर लोखंडी किंवा लाकडी संरक्षण निदान पहिल्याला आणि शेवटच्याला तरी. हे खरंखुरं गरीब सैन्य आहे, जिथे साम्राज्याचा खजिना सगळ्यांना पुरत नाही, आणि मग कोणाला द्यायचं याचा निर्णय जागेवरून होतो, पदावरून नाही. शेवटचा माणूस इतका महत्त्वाचा का तर मागून रांग ढकलून धरणारा तोच, तो पळाला की पुढचे पंधराही पळणार. फँटसीतल्या सैन्यात सगळे एकसारखे चकचकीत दिसतात त्यापेक्षा हे कितीतरी जिवंत आहे. एका तुकडीच्या ढाली एकाच रंगाच्या असाव्यात असंही सांगितलंय. बुटांवरसुद्धा सूचना आहेत, जाड तळवा, रुंद पुढचा भाग, साधी शिलाई, तळव्याला थोडे छोटे खिळे, कारण पायदळाला चालायचंय. केस आखूड ठेवा, लांब नकोत. असल्या गोष्टी एखाद्या प्रसंगात दोन ओळींत आल्या तरी सैन्य खरं वाटायला लागतं.

आणि गाडी! गाडीबद्दल मी कितीही बोलू शकतो. पायदळाच्या प्रत्येक छोट्या गटामागे एक हलकी गाडी, आणि तिच्यात काय काय असावं त्याची यादीच दिली आहे, हाताने दळायचं जातं, कुऱ्हाड, वासला, करवत, दोन कुदळी, हातोडा, दोन फावडी, टोपली, जाडंभरडं कापड, विळा, आणि शिवाय गोखरू, म्हणजे घोड्यांच्या पायात घुसणारे लोखंडी काटे, हे काटे बारीक दोऱ्यांना बांधून एका खुंटीला अडकवलेले म्हणजे नंतर गोळा करता येतात. कोणी तरी बसून विचार केलाय की काटे टाकल्यावर परत उचलायचे कसे! काही गाड्यांवर दोन्ही बाजूंना फिरणारे बॅलिस्टा, म्हणजे मोठे बाण फेकणारी यंत्रं. लढाईच्या वेळी गाड्या पायदळाच्या मागे उभ्या करायच्या आणि त्यांची मागची बाजू जाड कापडाने झाकायची म्हणजे गाडीवान आडोशाने लढू शकतील. हे गाडीवान, सुतार, लोहार, तुकडीच्या संख्येत धरायचे की नाही हा प्रश्न आपल्याला पडायलाच हवा, कारण हजारांची तुकडी म्हटली आणि त्यात हे लोक धरले तर प्रत्यक्ष रांगेत उभे राहणारे बरेच कमी होतात.

तुकडीच्या कर्मचाऱ्यांचीही छान सोय लावलीये. दवंडी देणारे, म्हणजे मांडाटोर, चलाख आणि दणकट आवाजाचे हवेत, लॅटिन आणि ग्रीक यायला हवं आणि जमलं तर फारसीही. शिवाय कवायत शिकवणारे, निशाणवाले, कर्णेवाले, हत्यारं दुरुस्त करणारे, धनुष्य बनवणारे, बाण बनवणारे. घोडदळाच्या भागात आणखी एक भन्नाट पद आहे, डेपुटाटोस, दर तुकडीत आठ-दहा जण बिनशस्त्र, पाण्याच्या बाटल्या घेऊन शंभर फूट मागे राहायचं आणि जखमींना उचलून आणायचं, वाचवलेल्या प्रत्येक माणसामागे त्यांना एक नोमिस्मा म्हणजे सोन्याचं नाणं. मी माझ्या सैन्यात हे पद पायदळालाही दिलं, कारण जीव वाचवायचे पैसे मिळतात म्हटल्यावर कोणाला आधी उचलायचं यावरून कथेत काय काय होऊ शकतं ते बघा.

संख्येच्या बाबतीत मात्र पुस्तक जुन्या ग्रीक लेखकांपेक्षा वेगळं वागतं आणि इथे बरेच लोक गोंधळतात. ईलियनसारख्या जुन्या लेखकांकडे सगळं सुबक, १६ गुणिले १६ म्हणजे २५६ ची तुकडी, तशा ६४ मिळून १६,३८४ चा पूर्ण फॅलँक्स, म्हणजे भालाईतांचा दाट व्यूह. मॉरिसच्या काळात माणसं तेवढी ठरलेली नसायची, त्यामुळे ही घट्ट चौकट चालत नाही. उलट घोडदळाच्या तुकड्या मुद्दाम सारख्या आकाराच्या ठेवू नका म्हणतो, साधारण २०० ते ४०० च्या मधे कितीही, कारण सगळ्या सारख्या असल्या तर शत्रू निशाणं मोजून सैन्य किती ते काढेल. माझ्या मते काल्पनिक सैन्य बांधताना हा सल्ला सोन्यासारखा आहे. कागदावर सगळ्या तुकड्या ३०० च्या, पण प्रत्यक्षात एक २१० ची, एक ३८० ची, आणि हे शत्रूच्या हेराला माहीत नाही. झालं ना कथानक तयार.

कवायतीचे हुकूम लॅटिनमध्ये आहेत, बाकी पुस्तक ग्रीकमध्ये असताना, आणि ते वाचताना अंगावर काटा येतो. आधी शांततेचा हुकूम, 'सिलेंटियुम', मग रांग सांभाळा, निशाणाच्या मागे चला. शत्रूच्या बाणांच्या टप्प्यात आल्यावर 'आद फुल्कुम', मग पुढचे लोक ढालीवर ढाल चढवतात, मागचे ढाली डोक्यावर धरतात. घोडदळ चालून आलं तर पुढच्या तीन आडव्या रांगा ढाली जोडून भाले जमिनीत टेकवून बाहेरच्या बाजूला तिरके धरतात, खांदा ढालीला लावून दाबतात, आणि मागचे भाले फेकतात, बाण सोडतात. भिडायच्या आधी एक जण ओरडतो 'अडियुटा' (मदत कर) आणि सगळे उत्तर देतात 'देउस' (देवा). लढाईचा प्रसंग लिहिणाऱ्याला याहून जास्त काय हवं?

आता उणीव, आणि ही मोठी आहे. हे सहाव्या शतकाचं पायदळ आहे. तुमच्या डोक्यातलं साम्राज्य जर दहाव्या शतकासारखं असेल, जड चिलखती घोडदळ, पूर्व सीमेवर सतत मोहिमा, तर एकटं 'स्ट्रॅटेजिकॉन' पुरणार नाही. त्यासाठी नायकेफोरोस फोकास या सम्राटाचं (९६३ ते ९६९) 'प्रेसेप्टा मिलिटारिया' बघावं लागतं, ते एरिक मॅकगिअर यांच्या १९९५ च्या डंबार्टन ओक्सच्या पुस्तकात ग्रीक मजकूर आणि समोर भाषांतर असं मिळतं.

तिथली हजाराची तुकडी, टॅक्सिआर्खिया, मिश्र आहे: ४०० जड भालाईत, ३०० धनुर्धारी, २०० हलके भालाफेके आणि गोफणवाले, १०० मेनाव्लाटोस, म्हणजे जाड भालेवाले. पहिल्यांदा वाचलं तर आकडे असेच कुठून तरी आणल्यासारखे वाटतात, पण व्यूह सात खोलीचा आहे, बाहेर दोन रांगा भालाईत, मधे तीन रांगा धनुर्धारी, आत परत दोन रांगा भालाईत. आघाडी १०० ची धरा, चार रांगा भालाईत म्हणजे ४००, तीन रांगा धनुर्धारी म्हणजे ३००. बसलं बरोबर! आणि दोन्ही बाजूंना भालाईत असल्यामुळे शत्रू आत घुसला तरी तुकडी मागे तोंड करून लढू शकते. अशा १२ तुकड्यांचा पोकळ चौकोन, तुकड्यांच्या मधे वाटा, त्यातून १२ ते १५ घोडेस्वार एकदम बाहेर पडतील एवढ्या रुंद, आणि हलके लोक त्या वाटांवर पहारा देणार. म्हणजे पायदळ हा घोडदळाचा चालता किल्ला आहे, थकलेले स्वार आत येऊन दम घेतात.

ते १०० मेनाव्लाटोस म्हणजे चिलखती घोड्यांना अडवणारे, धट्टेकट्टे निवडलेले, त्यांचा भाला फाडलेल्या लाकडाचा नको, ओकचं अख्खं कोवळं झाड घ्या असं स्पष्ट सांगितलंय. धनुर्धाऱ्याला दोन धनुष्यं, चार दोऱ्या, दोन भाते, एकात ४० बाण आणि दुसऱ्यात ६०. आणि दर चार भालाईतांमागे एक माणूस सामान आणि जनावरं बघायला, तोही विसरू नका.

मी दोन्ही मिसळून वापरतो. सीमेवरच्या जुन्या गरीब प्रांतांना १६ ची रांग आणि गाड्या, राजधानीजवळच्या मोहिमेच्या सैन्याला हजाराची मिश्र तुकडी, आणि दोन्ही एकत्र लढायला उभी राहिली की त्यांचे अधिकारी आपापसात भांडतात. साम्राज्य जुनं असेल तर सैन्याच्या दोन पिढ्या एकत्र दिसायलाच हव्यात असं मला वाटतं.

'स्ट्रॅटेजिकॉन'चा अकरावा भागही वाचा, त्यात फारसी, आवार, फ्रँक, लॉम्बार्ड, स्लाव अशा शत्रूंशी वेगवेगळं कसं लढायचं ते आहे. स्लावांवर हिवाळ्यात हल्ला करा म्हणतो, झाडं निष्पर्ण असतात म्हणून लपायला जागा नसते आणि नद्या गोठलेल्या असतात. तुमच्या जगातल्या शत्रूंवर असंच एक-एक पान लिहून काढा आणि मगच पायदळाची खोली ठरवा, उलट करू नका.

५ पैकी साडेचार. अर्धा कापला तो पायदळ एवढं शेवटी ढकललंय म्हणून. ज्यांना नुसत्या पदव्यांची यादी हवी आहे त्यांनी घेऊ नका. ज्यांना लढाई लिहायची आहे किंवा खेळायची आहे त्यांनी आधी हे घ्या, मॅकगिअर नंतर, कारण १६ ची रांग डोक्यात बसली की हजाराची तुकडी समजायला फार वेळ लागत नाही.