दहाचाकी टिपर : वापरानंतरचा अनुभव (मुख्यतः फाळक्याबद्दल, म्हणजे बॉडीच्या मागच्या दाराबद्दल)

परवा वर्कशॉपमधून पुन्हा तेच उत्तर मिळालं. "शेठ, फाळका वॉरंटीत बसत नाही." चेसिस (इंजिन-चाकांचा सांगाडा) आणि बॉडी मिळून बिल एक, किंमत एक, डिलिव्हरीच्या दिवशी हार घालून काढलेला फोटोही एक. फाळका मात्र कुणाचाच नाही. राग शांत व्हायच्या आत लिहून टाकतो.

गाडी दहाचाकी, १४ क्यूबिकची (घनमीटरची) बॉक्स बॉडी. पुण्याजवळच्या वाघोली-लोणीकंद पट्ट्यातल्या क्रशरवरून कच (दगड दळून केलेली वाळू) आणि खडी उचलायची आणि खराडी, हिंजवडीकडच्या आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लँटवर खाली करायची, हे काम. सव्वा वर्ष होत आलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. भीतीचा प्रश्न नाही. आमच्या लाइनीत टाटा, लेलँड, भारतबेंझ, आयशर, महिंद्रा अशा सगळ्यांच्या गाड्या उभ्या असतात आणि एकाच बॉडीवाल्याचं काम दोन-तीन कंपन्यांच्या चेसिसवर बसलेलं दिसतं. मग "कुठल्या कंपनीचा टिपर चांगला" या प्रश्नाला नाव सांगून करायचं काय?

इंजिनाबद्दल तक्रार नाही, म्हणून लवकर उरकतो. भरून जाताना आणि रिकामं येताना मिळून साडेतीनच्या आसपास अ‍ॅव्हरेज. शंभर लिटर डिझेलमागे धूर साफ करायला लागणारा युरिया चार-पाच लिटर. गिअर मऊ, क्लच अजून पहिलाच. घेताना २८२३ की २८२८ (२८ टनी गाडी, २३० की २८० घोड्यांचं इंजिन) यावर घरात आणि क्रशरवर बराच वाद झाला होता. खराडी बायपासच्या ट्रॅफिकमध्ये २३० घोडे काय आणि २८० काय, सगळे दुसऱ्या गिअरमध्येच उभे. घाटात किंवा खाणीच्या आत चढाला चालवणार असाल तर तुमचं गणित वेगळं.

आता फाळका. वर बिजागऱ्यांवर लोंबतो, खाली दोन हुक. बॉडी उचलली की हुक आपोआप सुटतात, बॉडी बसली की धरतात. कागदावर छान. प्रत्यक्षात माल खाली केला की बॉडीच्या खालच्या ओठावर चार खडे राहतातच. ड्रायव्हर घाईत बॉडी खाली घेतो, हुक त्या खड्यांवरच फाळका दाबून बंद करतात. पत्रा जाड असला तरी दर वेळी थोडा थोडा वाकत जातो. पावसाळा संपेपर्यंत माझ्या फाळक्याच्या डाव्या कोपऱ्यात करंगळी जाईल एवढी फट पडली होती. वीस एमएम खडी त्यातून पडत नाही. ओली कच मात्र स्पीडब्रेकरगणिक सांडते. वर ताडपत्री कडक बांधलेली आणि खालून रस्त्यावर रेघ. मागचा दुचाकीवाला शिव्या देतो, आणि त्याचं बरोबर आहे, वळणावर पसरलेल्या कचेवर टायर घसरायला वेळ लागत नाही. एकदा सिग्नलला पोलिसाने ती रेघ बोटाने दाखवली आणि मग पावतीही दाखवली.

लोक म्हणतील, एवढ्याशा फटीचं काय घेऊन बसलाय! हिशेब सांगतो. प्लँट पैसे देतो तो स्वतःच्या वजनकाट्यावर. क्रशरच्या काट्याची स्लिप आणि प्लँटची स्लिप यात कचेच्या गाडीला दोनशे-अडीचशे किलोंचा फरक पडायचा आणि तो गाडीवाल्याच्या माथी. "वाटेत पाणी गळतं, दादा," असं प्लँटचा काटेवाला म्हणायचा. कच धुतलेली असते, पाणी गळणारच. पण त्याच लाइनीत, त्याच ढिगातली कच घेऊन, माझ्या मागोमाग निघालेल्या मित्राच्या गाडीला फरक पडायचा निम्म्याहून कमी. चेसिस दुसऱ्या कंपनीची, बॉडीवालाही दुसरा. मी जाऊन त्याचा फाळका हाताने चाचपला. खाली दुहेरी ओठ आहे, माल बाहेर यायला दोनदा वळावं लागतं. माझ्या गाडीला एकच सरळ पट्टी. थोडंसं लोखंड वाचवलंय कुणीतरी.

भांडणाचं थोडक्यात सांगतो, नाहीतर पानं भरतील. डीलरचं वर्कशॉप म्हणालं, बॉडीचा विषय बॉडी कंपनीचा. बॉडी कंपनीचा माणूस म्हणाला, वेल्डिंग सुटलं असतं तर आम्ही बघितलं असतं, फाळक्याचं अलाइनमेंट वापरावर असतं. मी विचारलं, टिपर वापरायचा नाही तर काय देव्हाऱ्यात ठेवायचा? त्यावर साहेब हसले आणि चहा मागवला. एक मिस्त्री पाठवला, त्याने हुकांच्या दांड्यांचे आटे आवळून दिले. आठवडाभर ठीक, मग पुन्हा रेघ.

शेवटी इलाज क्रशरवरच सापडला. कन्व्हेअरचा फाटलेला जुना पट्टा एका कोपऱ्यात पडला होता. त्यातून हातभर रुंद पट्टी कापून फाळक्याच्या आतल्या बाजूने, खालच्या कडेला, लोखंडी पट्टीखाली बोल्टने आवळली. बॉडी बसली की रबर ओठावर दबतं आणि फट मिटते. पट्टा फुकट, बोल्ट आणि वेल्डरची मजुरी मिळून हजाराच्या आत. फरक शंभर किलोंच्या खाली आला. अट एकच, माल खाली केल्यावर उतरून ओठ झाडायचा. त्यासाठी केबिनमागे खराटा बांधलाय. डबर (मोठे दगड) वाहणारे, बिनफाळक्याच्या स्कूप बॉडीवाले, तो खराटा बघून हसतात. हसू देत. त्यांचा माल किलोवर जात नाही.

१४ क्यूबिकच का घेतली, असंही लोक विचारतात. २०१८ मध्ये केंद्राने एक्सल लोड वाढवला तेव्हा दहाचाकी २५ टनांवरून २८ टनांच्या वर्गात आली. रिकामी गाडी साडेअकराच्या आसपास धरा, म्हणजे माल साडेसोळा टन. खडीचा ब्रास (शंभर घनफूट) सव्वाचार टनांचा धरला तर चार ब्राससुद्धा पूर्ण बसत नाहीत. १४ क्यूबिक म्हणजे जवळजवळ पाच ब्रास, कच काठोकाठ भरली तर तेवीस टनांवर. १६ क्यूबिक घेऊन काय भरणार, हवा? ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००. सहा टन जादा सापडले की ३२,००० गेले, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च आपलाच. मोठी बॉडी असली की क्रशरचा लोडरवाला प्रेमाने आणखी एक बकेट टाकतो आणि आपल्यालाही मोह होतो. हप्ता चुकला तर बँक फोन करते, ओव्हरलोडने स्प्रिंगचा पाटा तुटला तर कुणी फोन करत नाही.

एसीबद्दल मात्र मत बदललं. घेताना डीलरकडे बिनएसीची गाडी शिल्लकच नव्हती, तेव्हा जादा पैसे मोजताना मी दोन महिने पुरेल एवढा चरफडलो होतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, त्यामुळे आता तो वादच उरला नाही. माझी गाडी त्याआधीची. पण गाडी क्रशरच्या रांगेत उभी असताना काच बंद राहते, धूळ आत येत नाही आणि ड्रायव्हर टिकला. आधीच्या गाडीवर दिवाळीला गावाला गेलेला माणूस परत येईल की नाही याची धास्ती असायची. हा सुट्टी संपवून आला आणि वर चुलतभावाला घेऊन आला, त्याच्यासाठी काम बघा म्हणाला. एसीचं डिझेल लागतं, मी मोजलंही. नव्या ड्रायव्हरने पहिल्याच महिन्यात बंपर कुठेतरी टेकवला तर त्यापेक्षा जास्त जातं.

धुराच्या फिल्टरचं जरा सांभाळा. खराडीच्या छोट्या फेऱ्या आणि रांगेत तासभर चालू इंजिन, एवढंच काम असलं की काजळी साठते, दिवा लागतो आणि मग गाडी पिकअप सोडते. हिंजवडीची लांब फेरी मिळाली की आतल्या आत जळून साफ होतं. त्यामुळे मुकादमाला सांगून रोज एक लांब फेरी मागून घेतो. भाव थोडा कमी मिळाला तरी घेतो. रांगेत इंजिन बंद करायचं म्हटलं की ड्रायव्हरचा एसी जातो, तेव्हा तो माझ्याकडे बघतो आणि मी डिझेलच्या काट्याकडे बघतो.

आणि जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. माझ्या बिलाची तारीख त्याच्या आधीची. क्रेडिट घेणाऱ्याला फरक पडत नाही म्हणतात. मला पडतो. यावर जास्त लिहीत नाही.

नवीन घेणाऱ्याने शोरूममध्ये एसी लावून बसण्यापेक्षा एक सकाळ क्रशरच्या रांगेत घालवावी. दोन वर्षं झालेल्या गाड्यांच्या मागे जाऊन वाकून बघायचं. फाळक्याचा ओठ एकेरी की दुहेरी, कोपरे वाकलेत का, हुकांच्या दांड्यांना आटे शिल्लक आहेत का, गाडी उभी आहे तिथे खाली कचेचा ढीग झालाय का. मग बॉडी कुणाची ते विचारायचं, चेसिसची कंपनी त्यानंतर. आणि त्या कंपनीचं वर्कशॉप आपल्या खाणीपासून किती लांब आहे ते बघायचं. टोईंगचं बिल इंजिनाच्या ताकदीवर ठरत नाही.

दुसऱ्या गाडीचं बोलणं सुरू आहे. या वेळी नुसती कॅब-चेसिस घेऊन बॉडी बाहेर बांधायचा विचार आहे. मान्यता असलेलाच बॉडीवाला लागतो, नाहीतर पासिंगला अडकतं, त्यामुळे पर्याय दोन-तीनच उरले. ऑर्डरच्या कागदावर एक ओळ लिहून मागितली : बॉडीत पाणी भरून फाळका तपासून देणे. डीलर हसला. बॉडीवाला हसला नाही, दुहेरी ओठ आणि रबर धरून सात हजार जादा लागतील म्हणाला. मी चार म्हटलंय. पाच-साडेपाचला तुटेल असं वाटतंय.