चौदा जणांचा नाश्ता आणि पेटीतली गॅस शेगडी: सात महिन्यांनंतर

नोव्हेंबरात ही शेगडी घेतली आणि पहिल्याच कॅम्पला हिला एक तारा देऊन मोकळी होणार होते. डोंगरात रेंज नव्हती म्हणून राहिलं. बरं झालं, कारण चूक माझी होती.

शेगडी तीच, चपट्या प्लॅस्टिकच्या पेटीत येणारी. बाजूच्या कप्प्यात २२० ग्रॅमचा ब्यूटेनचा लांबट डबा आडवा ठेवायचा, खटका दाबायचा, बटण फिरवलं की पेटते. आमचा ग्रुप सोसायटीतलाच, डोंबिवलीचा. कधी बारा, कधी चौदा जण, त्यात दोन आजोबा आणि चार पोरं. नाश्त्याचं खातं माझ्याकडे.

पहिला कॅम्प राजमाचीला. घरची मोठी लोखंडी कढई नेली होती, सव्वा किलो पोह्यांची फोडणी टाकली, कांदा गुलाबी व्हायला आला आणि खट् करून शेगडी बंद. परत पेटवली, पाच मिनिटांत परत खट्. शेवटी अर्धा-कच्चा कांदा सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ला. आजोबा तेवढे म्हणाले, "सूनबाई, कांदेपोहे छान, फक्त कांदा अजून शेतातच आहे."

घरी आल्यावर सोबतचा कागद वाचला. (आपण तो आधी कधी वाचतो?) कढईचा काठ डब्याच्या कप्प्यावर येत होता. रुंद भांड्याखालची धग कप्प्याकडे वळते, डबा तापतो, आतला दाब वाढतो आणि सुरक्षेचा खटका डबा आपोआप सोडवतो. तो खटका नसता तर काय झालं असतं याचा विचार न केलेला बरा. तेव्हापासून कढई बंद. सात लिटरचं उभट, जाड बुडाचं पातेलं घेतलं, काठ कप्प्याच्या अलीकडेच राहतो. खट् पुन्हा ऐकू आलं नाही.

पण पातेल्यात पोहे नीट परतता येत नाहीत, गोळा होतो. म्हणून आमचा नाश्ताच बदलला. आता घरूनच कोरडा उपमा करून नेते: किलोभर रवा खमंग भाजायचा, तेलात मोहरी, उडदाची डाळ, मिरची, कढीपत्ता, आलं अशी फोडणी करून मिरची-कढीपत्ता पार कुरकुरीत होऊ द्यायचा, रवा, मीठ, थोडी साखर घालून गार झाला की पिशवीत बंद. कांदा घालायचा नाही, ओल राहिली की खराब होतो. तिथे साडेतीन लिटर पाणी उकळायचं, आच कमी करून रवा एकानं सोडायचा, दुसऱ्यानं हलवायचं, झाकण. वरून लिंबू आणि शेव. वारा नसेल तर पाणी उकळायला वीसेक मिनिटं लागतात, उपमा पाच मिनिटांत. चौदा जणांचा चहा धरून एक डबा पुरतो. तरी दुसरा सॅकमध्ये असतोच.

खरी परीक्षा जानेवारीत हरिश्चंद्रगडावर झाली. पहाटे साडेपाचला शेगडी पेटवली तर ज्योत समईएवढी. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं, आणि गॅस निघताना डबा स्वतःच आणखी गार पडतो. गडावर तेवढी थंडी नव्हती, पण रात्रभर टेंटबाहेर राहिलेल्या डब्यात दम उरला नव्हता. ग्रुपमधला एक दादा डबा ज्योतीवर शेकायला निघाला होता, त्याच्या हातून हिसकावून घेतला. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळलं, ज्योत सुधारली. आता थंडीत डबा रात्री स्लीपिंग बॅगेत पायाशी असतो. देवळाच्या परिसरात, साधारण १३०० मीटरवर, पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. उपम्याला, चहाला काही फरक पडत नाही, अंडी मात्र दोन-तीन मिनिटं जास्त उकडावी लागली.

थालीपिठाचा हट्ट करू नका. एका तव्यावर एकावेळी एक, चौदा जणांना दोन-दोन म्हणजे अठ्ठावीस. शेवटचं माझ्या पानात पडलं तेव्हा बाकीचे जेवायला काय आहे विचारत होते.

सगळ्यात यशस्वी ठरले दडपे पोहे, ज्यात शेगडीचं काम जेमतेम पाच मिनिटांचं. पाऊण किलो पातळ पोहे, दोन नारळ खवून, नारळाचंच पाणी शिंपडून, बारीक कांदा, लिंबू, मीठ, साखर, वर हिंग-मोहरी-मिरचीची फोडणी, आणि अर्धा तास दडपून ठेवायचे. तेवढ्यात टेंट आवरून होतात. पोह्याचे पापड ज्योतीवर भाजायला पोरांची रांग लागते. मार्चनंतरच्या उकाड्यात दोनदा हेच केलं.

तक्रारी आहेत. पाचव्या महिन्यात ठिणगी पडेनाशी झाली, आता काडेपेटी लागते. खालची ताटली गंजली. पेटीची कडी तुटली, सुतळीनं बांधलीय. वाऱ्यावर ही शेगडी अगदीच लेचीपेची आहे, पण चारी बाजूंनी आडोसा केलात तर परत डबा तापेल. आम्ही डब्याची बाजू मोकळी ठेवून वाऱ्याकडे फक्त दोन सॅक लावतो, हातभर लांब. टेंटमध्ये पेटवायची नाही, पाऊस असला तरी. आणि डबे घेऊन रेल्वेत चढता येत नाही, त्यामुळे लोकलनं कसारा गाठून पुढे जाणाऱ्यांना ही उपयोगाची नाही. आम्ही गाड्या करून जातो.

तरी घ्यावी का? गावात मुक्काम असेल तर नको. राजमाचीच्या उधेवाडीत, हरिश्चंद्रगडाखालच्या पाचनईत घरोघरी चहा-पोहे मिळतात, तिथल्या मावशींच्या हातचे खा, त्यांना चार पैसे मिळू देत. पण गावापासून लांब टेंट लावणार असाल, किंवा अभयारण्यात जिथे सरपण गोळा करून चूल मांडणं योग्य नाही, तिथे हिच्याशिवाय माझं चालत नाही. दहा जणांपर्यंत निवांत, चौदाला ओढाताण. चहा होईपर्यंत उपमा थांबतो आणि उपमा होईपर्यंत चहा गार होतो.

माझ्याकडून साडेतीन तारे. अर्धा त्या कडीसाठी कापला, एक ठिणगीसाठी. जूनच्या कॅम्पला अठरा नावं आली आहेत, म्हणून दुसरी शेगडी मागवलीय. तीही हीच.