हायवेवरची नर्सरी आणि माझी दोन अडेनियम: 5 पैकी साडेतीन स्टार

रत्नागिरीकडून लांज्याला येताना हायवेला एक नर्सरी लागते, नाव लिहीत नाही कारण माणसं चांगली आहेत आणि मी पुढे तक्रारच करणारे. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या पोचवून परत येताना थांबलो आणि मी दोन अडेनियम (फुगीर बुंध्याचं फुलझाड, डेझर्ट रोज म्हणतात ते) उचलली, एक बियांपासून केलेलं साधं 150 ला आणि एक डबल पाकळीचं गडद लाल कलम 450 ला. अंगावर धड पान नाही पण फुलं गच्च, राहवलंच नाही. रोपं स्वच्छ, कीड नाही, साध्याचा बुंधा तर सुरणासारखा गरगरीत. इथपर्यंत फुल मार्क.

आता तक्रार. तिथल्या मुलाला विचारलं पाणी किती घालू, तर म्हणे "रोज घाला ताई, पावसात बाहेर राहिलं तरी काय होत नाय". अरे बाबा, हे झाड मूळचं सहाराच्या खालच्या कोरड्या पट्ट्यातलं नि अरबस्तानातलं, नावसुद्धा एडनवरून पडलंय, बुंध्यात पाणी साठवून दुष्काळ काढणारं, आणि आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक सगळा चार महिन्यात! वर पिशवीत लाल चिकट माती आणि कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) दाबून भरलेलं, काढली तर अख्खी वीट. मी पण आळशी, तशीच कुंडीत बसवली.

मिरग लागला आणि कुंड्या नेमक्या पागोळीखाली. जुलैत साध्याची पानं पिवळी पडली, बुंधा दाबून बघितला तर बोट आत, पिकल्या पपईसारखा, आणि वास विचारू नका. उपटलं आणि पांढरा गर लागेपर्यंत सुरीने सडका भाग कापत गेले. हातमोजे घालून बरं का, चीक विषारी असतो, आफ्रिकेत बाणांना लावायचे, आपल्या कण्हेरीच्याच कुळातलं आहे, त्यामुळे पोरं आणि गुरं लांबच ठेवा. मग हळद फासली, पडवीत पंधरा दिवस टांगून सुकवलं आणि चिऱ्याची बारीक खडी, नदीची जाडी रेती (समुद्रावरची नको, खारट असते) आणि मूठभर शेणखत यात लावलं. जगलं! एका बाजूला कलंडल्यासारखं दिसतं पण जगलं.

लाल कलमाची गोष्ट वेगळीच. दिवाळीनंतर एकदाचं फुललं तर साधी पाच पाकळ्यांची फिकट गुलाबी फुलं. फसवलं म्हणून फोन लावणार होते, तेवढ्यात सासरे आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "अगो, हे कलमाच्या खालनं फुटलंय. रायवळ आहे हा तुझा." रायवळ म्हणजे बियांपासून वाढलेलं, कलम न केलेलं. हापूसच्या कलमाला जोडाखालचा फुटवा सारखा काढावा लागतो हे लग्न होऊन आल्यापासून बघतेय, पण कुंडीतल्या झाडाला तेच लागू होईल हे डोक्यातच आलं नाही. जोडाची गाठ बोटाने चाचपली, वरची काडी वाळून खडखडीत. म्हणजे निम्मी चूक माझी, पण 450 घेताना दोन शब्द सांगायला काय जात होतं?

जानेवारीत सांगायला गेले तर मालकीणबाईंनी वाद न घालता दुसरं कलम 200 ला दिलं आणि फुटवा कोवळा असतानाच नखाने कसा खुडायचा ते दाखवलं. अर्धा स्टार याचा. आणि बघते तर यांची स्वतःची अडेनियम प्लास्टिकच्या शेडखाली, चिऱ्यांवर उचलून ठेवलेली! मुलगा तिथेच उभा होता, हसला फक्त.

घ्यायचं तर पाऊस सरल्यावर घ्या, मे महिन्यात अजिबात नको, आणि पिशवीतली माती घरी आल्या आल्या झाडून टाका. गाडी लावायला नीट जागा नाही, वळणावरच आहे, जरा पुढे नेऊन लावा.